तांबे झिजविणारी बाटली आणि तिच्यावरचे टक्के

प्रतिनिधी

अभियांत्रिकी आणि पदविकेच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प सादर करण्याचे दिवस जवळ आले, की मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात एक ठरलेली खरेदी सुरू होते. तांब्याचा पातळ थर चढविलेला एक बोर्ड, काळ्या शाईचे पक्के मार्कर, बारीक ड्रिल आणि 'फेरिक'ची एक पुडी. एवढ्या सामानावर घरच्या घरी, बादलीशेजारी बसून, इलेक्ट्रॉनिक सर्किटचा छापील फलक अर्थात पीसीबी तयार होतो. हल्ली संगणकावर आखलेला फलक कारखान्यातून करवून घेणे स्वस्त झाले असले, तरी त्यासाठी काही दिवस थांबावे लागते. ज्याला आज रात्रीच सर्किट पेटलेले पाहायचे आहे, तो छांदिष्ट अजूनही आम्लाकडेच वळतो.

अडचण सुरू होते ती पुडी संपल्यावर. कुणीतरी मित्र सांगतो, की फेरिकपेक्षा साधे ॲसिड स्वस्त पडते आणि तांबे झटपट खाते. मग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून फरशा व संडास धुण्याचे पिवळसर ॲसिड येते, तेही अनेकदा पाण्याच्या वापरलेल्या बाटलीत. त्या बाटलीवर ना आम्लाचे नाव असते, ना त्याची तीव्रता. दहा टक्क्यांचे आम्ल आणि पस्तीस टक्क्यांचे आम्ल दिसायला जवळजवळ सारखेच. मात्र डोळ्यात उडालेल्या थेंबाच्या दृष्टीने दोहोंत फार मोठा फरक आहे. घरात लहान मूल असेल, तर पाण्याच्या बाटलीत आम्ल ठेवणे हा प्रकार किती भयंकर आहे, हे वेगळे सांगायला नको.

तांब्याला नुसते आम्ल पुरत नाही

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्याला आपण बाजारात ॲसिड म्हणतो ते हायड्रोक्लोरिक आम्ल तांब्याचे एकट्याने फारसे काही बिघडवू शकत नाही. जस्ताचा तुकडा त्यात टाकला तर फसफसून विरघळतो, लोखंड सावकाश विरघळते, परंतु तांबे तसेच पडून राहते. बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या सल्फ्युरिक आम्लाचीही तीच गत. याचे कारण असे, की तांबे हा हायड्रोजनहून अधिक 'निरिच्छ' धातू आहे. आम्लातल्या हायड्रोजनला हाकलून त्याची जागा घेण्याची त्याची शक्ती नाही. तांब्याचा अणू विरघळायचा तर त्याच्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेणारा कुणीतरी लागतो. रसायनशास्त्रात त्याला ऑक्सिडीकारक म्हणतात. आम्लाचे काम त्यानंतरचे, म्हणजे सुटलेले तांबे द्रावणात धरून ठेवण्याचे.

फेरिक क्लोराइड हे लोहाचे क्षार दोन्ही कामे एकटेच करते, आणि त्यामुळेच ते या छंदाचे मुख्य रसायन ठरले. त्यातले लोह तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन स्वतः फेरस अवस्थेत उतरते आणि तांबे क्लोराइड होऊन पाण्यात जाते. नावात 'आम्ल' नसले तरी पाण्यात विरघळताना हे क्षार स्वतःच आम्ल तयार करते. म्हणून फेरिकचे द्रावण हे आम्लच समजून हाताळावे.

आमच्या व्यवसायाशी या रसायनाचे जुने नाते आहे, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. वर्तमानपत्रे खिळ्यांनी जुळवली जात होती, त्या काळात छायाचित्रांचे 'ब्लॉक' करावे लागत. रेषाचित्रांसाठी जस्ताचा पत्रा नायट्रिक आम्लात आणि बारीक ठिपक्यांच्या छायाचित्रांसाठी तांब्याचा पत्रा लोहाच्या याच क्लोराइडात कोरला जाई. पॉल आयस्लर या मूळच्या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटाचा रेडिओ तयार केला, तोही छपाईच्या तंत्राशी परिचित होता. जिथे तांबे ठेवायचे तिथे शाईचे कवच आणि उरलेले आम्लात, ही कल्पना ब्लॉकमेकरची होती. तिच्यावर रेडिओ वाजू लागला एवढेच.

फेरिकच्या पुडीतील हिशेब

बाजारात फेरिक क्लोराइड तीन रूपांत मिळते. पहिले, पिवळसर तपकिरी ओलसर खडे. दुसरे, काळपट निर्जल भुकटी. तिसरे, तयार गडद द्रावण. छोट्या पुड्यांवर यांपैकी कोणते रूप आहे हे पुष्कळदा लिहिलेले नसते, आणि नेमके तिथेच गणित चुकते.

खड्यांच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सहा रेणू बांधलेले असतात. त्यामुळे १०० ग्रॅम खडे घेतले, तर त्यात खरे फेरिक क्लोराइड सुमारे ६० ग्रॅमच असते. उरलेले ४० ग्रॅम पाण्याचे पैसे. कारखान्यांत वापरले जाणारे द्रावण वजनाने साधारण ४० टक्के तीव्रतेचे असते. खड्यांपासून तसे द्रावण करायचे तर २०० ग्रॅम खड्यांना केवळ १०० ग्रॅम पाणी लागेल. खडे आणि पाणी समान वजनाने घेतले तर ३० टक्के द्रावण मिळते, आणि घरगुती कामाला तेवढे भरपूर होते. याउलट १०० ग्रॅमची पुडी लिटरभर पाण्यात ओतणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जेमतेम साडेपाच टक्क्यांचे पाणी येते. मग तासभर बोर्ड हलवूनही तांबे जात नाही आणि दोष दुकानदाराच्या मालावर जातो.

तीव्रता वाढवीत नेली की वेग वाढतच जातो, असेही नाही. अतिदाट द्रावण काकवीसारखे जड वाहते. तांब्याजवळचे वापरलेले द्रावण बाजूला होऊन ताजे तेथे पोहोचायला वेळ लागतो. त्यापेक्षा तापमान आणि हालचाल अधिक उपयोगी पडतात. द्रावणाची प्लास्टिकची ट्रे गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवून चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवली आणि हलकेच डोलवीत राहिले, तर ताजे द्रावण दहा ते वीस मिनिटांत काम संपविते. नाशिक-पुण्याच्या थंडीत तेच काम अर्धा-पाऊण तास घेते. ट्रे गॅसवर मात्र ठेवू नये. काळी निर्जल भुकटी पाण्यात पडताच प्रचंड उष्णता सोडते. ती चमचा-चमचा पाण्यातच टाकावी, भुकटीवर पाणी कधीही ओतू नये.

आता एका पुडीत किती बोर्ड होतील? हाही प्रश्न साध्या अंकगणिताचा आहे. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. दहा सेंटिमीटर लांब-रुंद बोर्डावर हे तांबे भरते सुमारे ३.१ ग्रॅम. ते सारे विरघळवायला कागदोपत्री २७ ग्रॅम खडे लागतात. प्रत्यक्षात अर्धेअधिक तांबे ट्रॅकच्या रूपाने बोर्डावरच राहते. मात्र द्रावणाची शक्ती निम्मी संपली की ते इतके मंदावते, की वापरणाराच कंटाळतो. तेव्हा १०० ग्रॅम खड्यांत अशा आकाराचे चार-पाच बोर्ड ही अपेक्षा वाजवी. मंद द्रावणात बोर्ड तासन्तास ठेवण्यात एक तोटाही आहे. आम्ल केवळ खाली जात नाही, शाईच्या कडेखालून आडवेही शिरते आणि बारीक ट्रॅक तुटतात.

टक्के ओळखावेत कसे?

फेरिकचे डाग कपड्यावरून, फरशीवरून आणि नखांवरून सहज जात नाहीत. स्टीलच्या सिंकला ते खड्डे पाडते. शिवाय ते अपारदर्शक असल्याने आत बोर्डाचे काय चालले आहे ते दिसत नाही. या त्रासाला कंटाळलेले लोक हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणाकडे वळतात. येथे पेरॉक्साइड हा ऑक्सिडीकारक असतो. द्रावण स्वच्छ हिरवे राहते आणि एकदा त्यात तांबे उतरले की तांब्याचे क्लोराइडच पुढचे तांबे खाऊ लागते. हवेतल्या ऑक्सिजनने ते पुन्हा ताजेही होते. रसायन म्हणून ही रीत देखणी आहे. परंतु तिच्यात दोन बाटल्यांची तीव्रता अचूक माहीत असावी लागते, आणि दोन्ही बाटल्यांवर ती वेगवेगळ्या भाषेत लिहिलेली असते.

प्रयोगशाळेला पुरविले जाणारे संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ३५ ते ३८ टक्के असते. व्यापारी प्रतीचे साधारण ३० ते ३३ टक्के. त्यातला पिवळेपणा बहुधा लोहाच्या अंशाचा असतो. जुन्या व्यापारी बोलीत तीव्रता 'बोमे' अंशांत सांगतात. अठराव्या शतकातील बोमे या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाच्या तरंगमापीवरून हे नाव पडले. वीस बोमे म्हणजे सुमारे साडेएकतीस टक्के आम्ल. वीस हा आकडा वाचून ते वीस टक्के समजणारा माणूस दीडपट तीव्र आम्ल हाताळत असतो. संडास धुण्याच्या दाट रंगीत द्रवात आम्ल असते खरे, पण त्यात रंग, साबण आणि दाटपणा आणणारे पदार्थ मिसळलेले असल्याने ते या कामाचे नाही.

नाव ठाऊक आहे पण टक्के ठाऊक नाहीत, अशा हायड्रोक्लोरिक आम्लासाठी एक सोपा ठोकताळा आहे. या आम्लाची घनता तीव्रतेच्या प्रमाणात अगदी सरळ वाढते. घनता १.०५ असेल तर आम्ल सुमारे १० टक्के, १.१० असेल तर २० टक्के, १.१६ असेल तर ३२ टक्के. म्हणजे १०० मिलिलिटर आम्लाचे वजन शंभर ग्रॅमहून जितके जास्त भरेल, त्याची दुप्पट केली की टक्के मिळाले. अर्थात हे वजन स्वयंपाकघराच्या काट्यावर करू नये, स्वतंत्र काटा घ्यावा आणि उघड्या गॅलरीत करावे. बाटलीत काय आहे हेच ठाऊक नसेल, तर वजनाने काही कळणार नाही. तशी बाटली घेऊच नये.

पेरॉक्साइडचा हिशेब निराळा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर '२० व्हॉल्यूम' असे लिहिलेले असते. याचा अर्थ वीस टक्के असा नव्हे. एक लिटर द्रावण पूर्ण विघटित झाले तर वीस लिटर ऑक्सिजन देईल, असा त्याचा अर्थ आहे आणि टक्क्यांत ते सुमारे सहा होते. दहा व्हॉल्यूम म्हणजे तीन टक्के, शंभर व्हॉल्यूम म्हणजे तीस. रसायनांच्या घाऊक दुकानांत तीस आणि पन्नास टक्क्यांचे पेरॉक्साइडही असते. ते त्वचा क्षणात पांढरी करते आणि तीव्र आम्लात पडले तर मिश्रण उकळून क्लोरिन वायू सुटतो. घरात त्याचे काही काम नाही.

कामापुरते आम्ल दहा टक्क्यांच्या आसपास असले की पुरते आणि त्यात दोनेक टक्के पेरॉक्साइड. ३१ टक्क्यांच्या १०० ग्रॅम आम्लापासून दहा टक्के आम्ल करायचे तर सर्व मिळून ३१० ग्रॅम व्हायला हवे, म्हणजे २१० ग्रॅम पाणी. ३७ टक्क्यांचे असेल तर २७० ग्रॅम. आधी पाणी, मग त्यात बारीक धारेने आम्ल, हा क्रम शाळेत पाठ करून घेतात. आम्लावर पाणी ओतले तर वरचे थोडे पाणी एकदम तापते आणि आम्लासह तोंडावर उडते. विरल करण्यातला दुसरा फायदा नाकाला समजतो. सुमारे वीस टक्क्यांवरचे आम्ल बाटली उघडताच धुरते. त्याखाली उतरले की धूर पुष्कळ कमी होतो. तीव्र आम्लाची बाटली कपाटात ठेवणाऱ्याच्या पकडी, पेचकस आणि ड्रिल काही महिन्यांत गंजतात, मग ती बाटली कितीही घट्ट बंद असो. पेरॉक्साइड मिसळलेल्या द्रावणाची बाटली मात्र घट्ट बंद करू नये; आत ऑक्सिजन साठून ती फुगते आणि फुटते. बोर्डावरची शाई पुसण्यासाठी आणलेले थिनर किंवा ॲसिटोन या पेरॉक्साइडच्या आसपासही नको, कारण त्यांच्या संयोगातून स्फोटक पदार्थ होऊ शकतात.

सराफांकडील 'तेजाब' म्हणजे नायट्रिक आम्ल तांबे झपाट्याने खाते, म्हणून ते वापरण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो सल्ला मानू नये. तांब्याबरोबर त्यातून तपकिरी विषारी वायू निघतो. तो हुंगल्यावर सुरुवातीला थोडा खोकला येतो, माणूस घरी जाऊन झोपतो, आणि फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका काही तासांनी उभा राहतो. सराफाच्या भट्टीवर धुराडे असते. वसतिगृहाच्या खोलीत पंखा असतो.

दुकानदार ओळखपत्र का मागतो?

मुंबईत रसायने आणि प्रयोगशाळेचे साहित्य यांसाठी प्रिन्सेस स्ट्रीटचे नाव घेतले जाते. तेथे किंवा अन्यत्र आम्ल मागितल्यावर दुकानदाराने ओळखपत्र आणि कारण विचारले, तर राग मानण्याचे कारण नाही. आम्लहल्ल्यातून बचावलेल्या लक्ष्मी अग्रवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या आदेशाने किरकोळ विक्रीवर बंधने आली. विक्रेत्याने खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि दिलेले आम्ल यांची नोंदवही ठेवावी, सरकारी छायाचित्र-ओळखपत्र पाहावे, खरेदीचा हेतू लिहून घ्यावा, अठरा वर्षांखालील कोणालाही आम्ल देऊ नये आणि आपल्याकडील साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना कळवावा, असा तो आदेश आहे. भंग झाल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनाही आम्लाच्या वापराची नोंद ठेवणे, त्यासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमणे आणि बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची तपासणी करणे बंधनकारक करण्यात आले.

हार्डवेअरच्या दुकानात बिननावाची बाटली काउंटरखालून मिळते, ती या आदेशाला वळसा घालूनच. विद्यार्थ्याला त्यात दहा-वीस रुपये वाचल्याचे समाधान वाटत असेल. परंतु जी बाटली त्याला प्रश्न न विचारता मिळते, ती आणखी कोणालाही तशीच मिळते. नोंद करून, लेबल लावलेले आम्ल घेण्याचा स्वार्थी फायदाही आहेच. त्यावर टक्के लिहिलेले असतात. पदविकेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी तर बहुधा अठरा वर्षांखालचेच असतात. त्यांनी फेरिकवर भागवावे किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर काम करावे, हे बरे.

काम करताना रबरी हातमोजे, अंगावर जुना सुती झगा आणि डोळ्यांवर बाजूंनी बंद असणारा चष्मा हवा. या तिन्हींत एकच परवडत असेल, तर तो चष्मा. त्वचेवर आम्ल सांडले तर कपडा काढून ती जागा वाहत्या नळाखाली किमान पंधरा-वीस मिनिटे धरावी. सोडा, लिंबू, टूथपेस्ट असले काही लावू नये. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ पाणी आणि लगेच डॉक्टर. न्हाणीघरात काम करणाऱ्यांनी ब्लीचिंग पावडर आणि ब्लीचचे द्रव आधी बाहेर नेऊन ठेवावेत. आम्लाशी त्यांची गाठ पडली की क्लोरिन सुटतो.

मोरीत ओतू नका

बोर्ड तयार झाल्यावर द्रावणाचे काय करायचे, हा प्रश्न बहुतेक जण मोरीपाशी सोडवितात. तेथे आम्लापेक्षा तांब्याची चिंता अधिक आहे. सार्वजनिक गटारात सोडावयाच्या सांडपाण्यात तांब्याची मर्यादा देशाच्या पर्यावरण नियमांत लिटरमागे ३ मिलिग्रॅम ठरवून दिलेली आहे. वरच्या दहा सेंटिमीटरच्या बोर्डावरील निम्मे तांबे विरघळले, असे धरू. म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास. ते या मर्यादेत आणायला ५०० लिटर पाणी लागेल. गच्चीवरची एक छोटी टाकी, एका बोर्डासाठी! नियम कारखान्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला असला तरी मासे, शेवाळे आणि मैलापाणी शुद्ध करणारे जिवाणू यांना तांबे कोणत्या दारातून आले याच्याशी कर्तव्य नसते.

शहाणपणाची रीत अशी, की द्रावण लगेच टाकूच नये. फेरिक शक्ती संपेपर्यंत आणि हिरवे क्लोराइड वर्षानुवर्षे वापरता येते. झाकणात लोखंड-ॲल्युमिनियम नसलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत, नाव-तारीख-टक्के लिहून, कुलपात ठेवावे. अखेर टाकायची वेळ आलीच, तर मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत ते पाण्याने पातळ करून त्यात धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट टाकत जावे. फेस बराच येतो, म्हणून बादली निम्मीही भरू नये. फेस थांबला आणि पीएच कागद आठ-नऊ दाखवू लागला, की तांबे व लोह हिरवट तपकिरी गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. रात्रभर ठेवल्यावर वरचे नितळ, बिनरंगी पाणी ओतून देता येते. गाळ जुन्या फडक्यातून गाळून वाळवावा आणि घट्ट डब्यात भरून घरगुती घातक कचऱ्यात द्यावा, किंवा महाविद्यालयाच्या रसायन विभागाच्या हवाली करावा. औद्योगिक घातक कचऱ्यासाठी तळोजा आणि रांजणगाव येथे सामाईक प्रकल्प आहेत, तेथवर पोहोचण्याची वाट अशा संस्थांना अधिक सोपी असते. वर्षभर छंद करणाऱ्याचा हा गाळ श्रीखंडाच्या एका डब्यात मावतो. डब्यावरचे मूळ लेबल तेवढे आठवणीने खरवडून काढावे.